मुंगीच्या मिशा आणि अपोलो स्ट्रीट

लालबागच्या चाळीत साखरेच्या डब्याला लागणाऱ्या तीन प्रकारच्या लाल मुंग्या नुसत्या डोळ्यांना सख्ख्या बहिणी वाटतात. तिघींच्या कमरेला दोन-दोन गाठी. पण चांगल्या भिंगाखाली मिशांचे सांधे मोजा. दहा सांधे आणि टोकाला दोन सांध्यांचा जाड गोंडा असेल तर ती सोलेनोप्सिस, चावरी. बारा सांधे आणि तीन सांध्यांचा गोंडा असेल तर मोनोमोरियम किंवा फिडोल. त्यांतल्या फिडोलच्या पाठीवर मागच्या बाजूला दोन काटे असतात, घरातल्या मोनोमोरियमला ते नसतात. मुंगळ्याच्या कमरेला मात्र एकच गाठ.

ही रीत आपल्याकडे कुठून आली, याचा माग काढताना मी थेट झुरिकच्या मनोरुग्णालयात पोचलो.

लिनियसने 1758 मध्ये सगळ्या मुंग्या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घातल्या, फॅब्रिशियसने 1787 मध्ये तरंगमबाडीच्या मुंगळ्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि फ्रान्सच्या लात्रेयने कमरेच्या गाठींना महत्त्व दिलं. इथवर सगळं पुस्तकांत आहे. वाद पुढे आहे.

भारतीय मुंग्यांच्या अभ्यासाचा पाया कुणी घातला? मद्रासवाले 1851 मध्ये मुंग्यांची वर्णनं छापणाऱ्या जर्डनकडे बोट दाखवतात. त्याची वर्णनं सुरेख आहेत, पण ती एकापाठोपाठ एक येतात. सख्ख्या जाती वेगळ्या काढायला पायरीपायरीने प्रश्न विचारणारा तक्ता लागतो. बहुतेक जण बिंगहॅमच्या मुंग्यांवरच्या 1903 सालच्या लंडनी ग्रंथाला मान देतात. मला ते मुळीच पटत नाही. त्या ग्रंथात जागोजागी दोन नावं येतात: रॉटन आणि फोरेल.

रॉबर्ट रॉटन मुंबई इलाख्यातला वनाधिकारी. ऑग्युस्त फोरेल 1879 पासून झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयाचा संचालक आणि मुंग्यांचा जगन्मान्य जाणकार. पुढे स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकच्या नोटेवर तो झळकला, मागच्या बाजूला मुंग्यांसकट. रॉटन इथून मुंग्या पाठवी, फोरेल त्यांची छाननी करी. पुण्याच्या एका इवल्या मुंगीला त्याने 1890 मध्ये रॉटनचंच नाव दिलं. झाडाची जात पानाफुलांवरून ठरवणाऱ्या वनखात्याच्या माणसाला मिशांचे सांधे मोजणं जड गेलं नसणार, असा माझा ठाम कयास आहे.

या दोघांना एकत्र छापलं मुंबईने. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये आठ जणांनी स्थापली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. प्रार्थना समाजाच्या चौकातून रोज जाणाऱ्या गिरगावकरांना त्या समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग मुंग्यांच्या या कथेतही आहेत, हे माहीत असायला हवं. 1886 पासून सोसायटीचा संसार फोर्टात, अपोलो स्ट्रीटवर, फिप्सन या मद्यव्यापाऱ्याच्या जागेत होता. तिच्याच नियतकालिकाच्या सातव्या खंडात, 1892 मध्ये, रॉटनची ‘अवर अँट्स’ ही लेखमाला आली आणि फोरेलची भारत-सिलोनच्या मुंग्यांवरची मालाही तिथेच सुरू झाली, तीही चक्क फ्रेंचमध्ये! इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजी नियतकालिकात, एका स्विस मनोविकारतज्ज्ञाची फ्रेंच.

बिंगहॅम त्यानंतर अकरा वर्षांनी आला. म्हणून माझा निवाडा असा: भारतात मुंगी ओळखण्याच्या शास्त्राचा खरा पत्ता लंडन नाही, मद्रासही नाही. तो फोर्टातला अपोलो स्ट्रीट आहे.