माग, घायाळ हरणाचा

बाण लागून पळालेले हरीण शोधून काढण्याची विद्या. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणाची शिकार गुन्हा असल्याने ही नोंद उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणापुरती आहे. तिथे विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली धनुर्धाऱ्यांसाठी स्वतंत्र हंगाम सुरू केला.

बाणाचे धारदार पाते मारते ते रक्तस्रावाने. म्हणून वर्मी बाण बसला तरी हरीण जागच्या जागी क्वचितच कोसळते. दोन्ही फुप्फुसे भेदली गेली, तर ते बहुधा शंभर-दीडशे मीटरांच्या आत पडते.

हरीण उभे होते ती जागा आणि ते दिसेनासे झाले ती जागा ध्यानात ठेवून शिकारी आधी बाण शोधतो. त्यावर फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, काळपट लाल असेल तर यकृत, आणि हिरवट चोथा व उग्र वास असेल तर कोठा किंवा आतडी. फुप्फुसाला अर्धा तास थांबणे पुरते, यकृताला चार ते सहा तास, पोटाला आठ ते बारा. हे थांबणे सर्वांत अवघड, आणि सारा माग त्यावरच टिकतो. पोटात बाण लागलेले हरीण पाठ वाकवून सावकाश जाते आणि जवळच्याच झुडपात बसते. माणसाची चाहूल लागून ते उठले, तर फार दूर जाते. त्यातच चरबी किंवा आतडे जखमेत अडकून रक्त ठिबकायचे थांबते. मग ते सापडत नाही आणि त्याचे हाल लांबतात. पाऊस येणार असेल किंवा कोल्ह्यासारखे कायोटी आसपास असतील, तर थांबावे की निघावे हा निर्णय खरोखरच कठीण होतो.

मागावर चालायचे ते रक्ताच्या कडेने, थेंब न तुडवता. शेवटच्या थेंबापाशी कागदाचा कपटा ठेवतात. मेपलच्या गळून पडलेल्या पानांवर मुळातच तांबडे ठिपके असतात. ओले बोट फिरवले की रक्त बोटाला लागते, पानाचा ठिपका तसाच राहतो. गुडघाभर उंचीच्या गवताला लागलेले रक्त जखम कोणत्या कुशीला आहे ते सांगते. माग तुटला तर अनेक राज्यांत दोरीला बांधलेला माग्या कुत्रा आणण्याची मुभा आहे. कुत्र्याकरवी माग काढण्याची ही कला जर्मनीत जुनी आहे. तिथले शिकारी जनावराच्या रक्ताला ‘श्वाइस’, म्हणजे घाम, म्हणतात.

पडलेल्या हरणाजवळ पाठीमागून जातात आणि लांब काठीने त्याच्या उघड्या डोळ्याला हलकेच स्पर्श करतात. पापणी लवली नाही, तरच हात लावतात.