भेंडीवरच्या केवड्याचा माग

भेंडीच्या कोवळ्या पानांच्या शिरा आधी पिवळ्या पडतात, मग सगळं पानच पिवळं होतं. शेंगा फिक्या, आखूड आणि निबर निघतात. शेतकरी या रोगाला केवडा म्हणतात. त्याची जुनी नोंद आपल्याच भागातली आहे. १९२४ साली जी. एस. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या मोझॅक रोगांबद्दल लिहिलं, त्यात भेंडी होती. १९४०मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी या रोगाचा अभ्यास मांडला. पुढे १९५० साली कपूर आणि वर्मा यांनी तो पांढरी माशी पसरवते हे दाखवून दिलं. रोगाच्या मुळाशी असलेला विषाणू डोळ्यांना दिसत नसताना त्याची वाट शोधणाऱ्या या कामाचं मोल मला फार वाटतं.

विषाणूचं रूप उलगडायला सत्तरचं दशक उजाडलं. एकमेकांना चिकटलेले दोन कण आणि आत एकेरी धाग्याचं डीएनएचं वर्तुळ, जेमतेम २,७०० अक्षरांचं. १९७७ साली अशा विषाणूंच्या गटाला जेमिनीव्हायरस हे नाव मिळालं. कसावा आणि मका यांचे आफ्रिकेतले जुने रोगही याच गटातले निघाले.

तरी कोडं सुटलं नव्हतं. हा विषाणू एकटाच भेंडीत सोडला, तर शिरा तशा पिवळ्या होत नव्हत्या. २००३ साली मदुराईच्या कामराज विद्यापीठातल्या जोस आणि उषा यांनी त्याचा साथीदार पकडला: विषाणूच्या निम्म्या आकाराचा डीएनएचा तुकडा. विषाणूवाचून तो वाढत नाही, पण रोगाची खरी लक्षणं त्याच्यामुळेच उमटतात. त्याच वर्षी जपानमधल्या युपॅटोरियम या झुडपातही अशीच जोडी सापडली. उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या या झुडपाचं वर्णन सम्राज्ञी कोकेन यांनी ७५२ साली एका कवितेत केलं होतं. वनस्पतींच्या विषाणूरोगाची ती सर्वांत जुनी लेखी खूण मानली जाते.

इकडे पैदासकार थांबले नव्हते. दिल्लीत तयार झालेल्या पुसा सावनी या भेंडीच्या वाणाने सुरुवातीला रोगाला दाद दिली नाही, पण ती ताकद टिकली नाही. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या कुळातल्या अबेलमोशस मॅनिहॉट या दुसऱ्या जातीशी केला. अशा संकरात वांझपणा आड येतो, म्हणून भेंडीशी पुन्हापुन्हा संकर करत खाण्याजोगी शेंग परत मिळवावी लागली. त्यातून १९८५च्या सुमारास परभणी क्रांती शेतात आली. पुढे तिच्यावरही केवडा दिसू लागला. पैदासकार आजही भेंडीच्या रानटी नातलगांमध्ये नवी प्रतिकारशक्ती शोधत आहेत.