नैसर्गिक जलप्रवाह अडविण्याचे दायित्व

नैसर्गिक जलप्रवाह अडविण्याचे दायित्व हा भारतीय दिवाणी कायद्यातील अपकृत्य व सुविधाधिकार या दोन शाखांशी संबंधित विषय आहे. ओढा, नाला किंवा वाहते पावसाचे पाणी अडविल्यामुळे शेजारच्या जमिनीत पाणी शिरल्यास, अडविणाऱ्यावर नुकसानभरपाई देण्याची व अडथळा दूर करण्याची जबाबदारी येऊ शकते. बांध स्वतःच्याच जमिनीत घातला होता, एवढा बचाव पुरेसा ठरत नाही.

वैधानिक आधार

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा मुंबई प्रांताला १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ७ खालील उदाहरणांनुसार, निश्चित पात्रातून वाहणाऱ्या प्रवाहाचे प्रमाण, दिशा, वेग किंवा तापमान यांत इतरांनी लक्षणीय बदल करू नये, हा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क आहे. निश्चित पात्र नसलेले पाणी वरच्या जमिनीतून खालच्या जमिनीत नैसर्गिकरीत्या वाहू दिले पाहिजे. त्यामुळे खालच्या मालकाने भराव घालून हे पाणी मागे लोटणे हाही हक्कभंग ठरतो.

महत्त्वाचे न्यायनिर्णय

रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) या इंग्लंडमधील खटल्यात, गिरणीसाठी बांधलेल्या जलाशयाचे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते. निष्काळजीपणा सिद्ध न होताही जलाशयाचा मालक जबाबदार ठरला; यातून कठोर दायित्वाचे तत्त्व रूढ झाले. भारतात मात्र प्रिव्ही कौन्सिलने १८७४ मध्ये मद्रास रेल्वे कंपनीच्या खटल्यात हे तत्त्व प्राचीन सिंचन तलावांना लावले नाही. असे तलाव लोकजीवनासाठी आवश्यक असून त्यांची निगा राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते, म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होणे आवश्यक मानले गेले. जय लक्ष्मी सॉल्ट वर्क्स विरुद्ध गुजरात राज्य (१९९४) या खटल्यात, शासकीय बांधामुळे १९५६ च्या पावसाळ्यात मिठाच्या कारखान्यात पाणी शिरल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला जबाबदार धरले.

दाद मागण्याचे मार्ग

शेतजमिनीबाबत मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदाराकडे अडथळा काढून टाकण्याची मागणी करता येते. मात्र दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. दिवाणी न्यायालयात भरपाईसह निरंतर व आज्ञापक व्यादेश मागता येतो. जाणूनबुजून पूर आणल्यास किंवा सार्वजनिक निचऱ्यात अडथळा निर्माण करून नुकसान केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

शहरी संदर्भ : हिंदमाता

मध्य मुंबईतील दादर–परळ दरम्यानचा हिंदमाता परिसर बशीसारखा सखल आहे. मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आल्यास येथे पाणी तुंबते. हे पाणी कोणा एका शेजाऱ्याच्या बांधामुळे साचत नसल्याने दायित्वाचा प्रश्न वेगळे रूप घेतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ नुसार गटारे बांधणे व त्यांची देखभाल करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. तथापि, केवळ पाणी साचले यावरून भरपाई मिळत नाही; कर्तव्यातील कसूर व त्यातून झालेले नुकसान यांचा संबंध दाखवावा लागतो. कलम ५२७ नुसार अशा दाव्यापूर्वी एक महिन्याची लेखी सूचना आवश्यक असून दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. निचऱ्यासाठी महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान व सेंट झेवियर्स मैदान येथे भूमिगत साठवण टाक्या उभारल्या आहेत. याउलट, एखाद्याने राडारोडा टाकून नाला अडविल्यास त्याचे व्यक्तिगत दायित्व वरील सर्वसाधारण तत्त्वांनुसारच ठरते.