शवासन आणि औषधाची मात्रा

मनाच्या साहाय्याने रोग हटविण्याची कल्पना भारतीय वैद्यकास नवी नव्हती. चरकसंहितेने चिकित्सेचे तीन प्रकार मानले असून त्यांत आहार-औषधांच्या योजनेबरोबरच मनोनिग्रहरूप ‘सत्त्वावजय’ही गणला आहे. मात्र औषध आणि मनोनिग्रह एकत्र योजले असता औषधाची गरज किती उरते, हे मोजून पाहण्याचा प्रश्न विसाव्या शतकातील होय.

त्याची पूर्वपीठिका लोणावळ्याची. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापिले. नौलीच्या वेळी बृहदंत्रात उत्पन्न होणारा ऋण दाब त्यांनी यंत्राने नोंदविला व आपल्या गुरूंवरून त्यास माधवदासांचे नाव दिले. ही शरीरक्रियेची मीमांसा झाली. रुग्णाच्या औषधाचा हिशेब तीत नव्हता.

तो हिशेब मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात मांडला. सहलेखकांपैकी विनेकर हे कुवलयानंदांसमवेत १९६३ च्या ‘योगिक थेरपी’ या ग्रंथाचे कर्ते. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविण्यात आले : उताणे निजणे, संथ श्वसन, आणि नाकपुड्यांशी आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब यांवर लक्ष. शीर्षकात हा शब्द मराठी उच्चाराप्रमाणे, अंत्य ‘अ’ गाळून, रोमन लिपीत उतरला आहे. हठप्रदीपिकेतील आसन इंग्रजी निबंधात आले ते मराठी जिभेवरून, हे त्यावरून दिसते.

औषध न घेणाऱ्यांचा सरासरी मध्यम दाब १३४ वरून १०७ मिलिमीटरवर आला. याहून महत्त्वाची नोंद औषधाने दाब आटोक्यात असलेल्यांची. त्यांपैकी १३ जणांची औषधाची गरज मूळ मात्रेच्या ३२ टक्क्यांवर आली. गरज घटली, संपली नाही. आणि सर्वांची घटलीही नाही. योगाला औषधाचा प्रतिस्पर्धी ठरविणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही नोंद सोयीस्करपणे दुर्लक्षिली, असेच म्हणावे लागते.

तथापि दात्यांचे गट यदृच्छेने पाडलेले नव्हते; रुग्णाची औषधस्थिती हाच विभागणीचा निकष होता. यदृच्छ विभागणीची चाचणी इंग्लंडमध्ये चंद्रा पटेल व नॉर्थ यांनी ३४ रुग्णांवर केली आणि १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. तीत योगाच्या जोडीस जैव-प्रतिसादाची यंत्रे होती.