ताडपत्रापासून मोबाईलपर्यंत



षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीला कुलपात होती. यात्रेकरूंना फक्त दर्शन मिळे. लिपीही जुनी कन्नड. शास्त्र छापणे म्हणजे अविनय, असे मानणारेही तेव्हा पुष्कळ. तरी आपल्या शेजारच्या अमरावतीत प्रा. हीरालाल जैन यांनी १९३९ साली पहिला खंड हिंदी अनुवादासह काढला. एकूण १६ खंड, जवळजवळ २० वर्षांचे काम!

आता सिंदी मेघेत माझ्या मोबाईलवर तो खंड उघडतो. मोबाईलवर शास्त्र वाचणे अविनय नाही का, असे स्वाध्यायात काहीजणी विचारतात. (छापखान्याबद्दलही हेच म्हणत!) हात धुवा, मोबाईल चौरंगावर ठेवा, पण वाचा. ग्रंथाचे मंगलाचरण म्हणजे आपला णमोकार मंत्रच. सुरुवात तिथूनच करा.