पट कोणी कमी केला?

शाळेला मास्तर किती द्यायचे हे पट बघून ठरतं. हजेरीपटावर पोरं इतकी, म्हणून मास्तर इतके. हिशेब सरळ वाटतो. पण मित्रांनो, पट आभाळातून पडत नाही. तो कोणीतरी वाढवतो, कोणीतरी कमी करतो. आपला इतिहास ह्या जागेवरून वाचला पाहिजे.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने हक्क तोंडावर नाकारला नाही. एवढंच म्हटलं, की ह्या एकाला घेतलं तर बाकीच्या सगळ्यांना शाळा निरुपयोगी होईल. एक विरुद्ध अनेक असं गणित मांडलं आणि आपलं पोरगं वजा केलं.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. पुण्यात महार-मांगांची वस्ती पाच हजारांच्या वर, त्यांना शाळा एकच, आणि तीत मुलं तिसाच्या आत. नुसता वर्ग मोजणारा म्हणेल, तिसाच्या आत, वा, काय छान प्रमाण! पण बाहेर राहिलेली शेकडो पोरं कुठल्या पटावर? जोतीरावांनी मास्तरांची नुसती संख्या धरली नाही. मास्तर कोण, हेही विचारलं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, मास्तर शेतकरी जातींतले तयार करा, शिकून तयार झालेल्याला महिना निदान १२ रुपये द्या, असं त्यांनी मागितलं. पोराला शिवायला कचरणारा मास्तर कागदावर मोजला तरी वर्गात शून्यच.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलं सर्वांच्या शाळेत बसवली. वेगळा पटच मोडला.

मुंबई इलाख्यात मात्र १२ मार्च १९२७ ला बाबासाहेब कौन्सिलात सांगत होते, की शाळेत येणाऱ्या १०० मुलांतली फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, ८२ पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांवर वसूल करतं, हाही हिशेब त्यांनी मांडला. आता चौथीचा वर्ग रिकामा दिसला, तर तिथं मास्तर जास्त झाले म्हणायचं काय?

आम्हा गिरणीवाल्यांना हे लवकर कळतं. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या महिनोन्‌महिने बंद पडल्या, त्याचं एक कारण हेच होतं. मालकांना एका विणकराच्या गळ्यात दोनाच्या जागी तीन-चार साचे मारायचे होते. (त्या साळखात्यात आपल्या माणसाला शिरायचीही बंदी होती, हे वेगळं दुखणं.) साचे वाढले की नजर पुरत नाही. पण बाणा तुटला तर साचा निदान थांबतो. पोरगं तुटलं तर शाळा थांबत नाही.

स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी, १९८७ साली, एकशिक्षकी शाळेला दुसरा मास्तर द्यायची खडू-फळा योजना आली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, पुढे तिसांमागे एक वाढत जातो. म्हणजे वर्ग पाच आणि माणसं दोन. त्यात जनगणना आणि निवडणूक ह्या कामांना मास्तर नेण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. एक मास्तर गेला, की दुसऱ्यापुढे पाचही वर्ग. तिथं बारा पोरं असोत की पन्नास, 'सहा पोरांमागे एक मास्तर' हा कागदावरचा थाट काही कामाचा नाही.

आणि मग पुन्हा तेच गणित येतं. २०१७ साली महाराष्ट्रात दहाहून कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून मुलं दुसरीकडे हलवायचं ठरलं. २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळांचे प्रस्ताव मागवले. कमी पटाच्या शाळा कुठं असतात? पाड्यावर, तांड्यावर, वाडी-वस्तीवर. मास्तर नाही म्हणून ऐपतवाला पोरगं उचलतो. पट घटतो. पट घटला म्हणून मास्तर जातो. शेवटी उरतात ती ज्यांना दुसरीकडे जायला बसभाडं नाही, ती. शाळा लांब गेली की आधी पोरगी घरी बसते.

म्हणून कार्यकर्त्यांनो, जिल्ह्याची सरासरी कोणी तोंडावर फेकली तर घेऊ नका. कायदा प्रत्येक शाळेत प्रमाण राखायला सांगतो. आपल्या वस्तीतल्या शाळेचा पट मागा. मग घरोघर जाऊन पटाबाहेरची पोरं मोजा. मास्तर किती मंजूर, किती हजर, किती दुसऱ्या कामावर, तेही लिहून काढा. हे दोन कागद शेजारी ठेवा आणि मग पंचायत समितीच्या दारात जा. शिका म्हणणाऱ्या बापाची लेकरं आपण. मोजायलाही शिकलं पाहिजे.