लग्नाची पात्रता आणि १९६४ चे धरणे



आपली नातवंडे विचारतात, "१९६४ साली आपल्या लोकांनी लग्नाच्या नोंदणीसाठी एवढे धरणे का धरले? सायप्रसला जाऊन लग्न करून यायचे!" त्यांना आधी कायदा सांगावा लागतो.

भारतात १८७२ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न करायचे तर आपण यहुदी, ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान वगैरे नाही असे लिहून द्यावे लागे. १९५४ च्या नव्या कायद्याने ती अट गेली. मुलगा २१ वर्षांचा, मुलगी १८ ची, पहिला जोडीदार हयात नसावा, नात्याचा निषेध नसावा आणि ३० दिवसांची नोटीस. धर्म कोणता, हा प्रश्न नाही.

इस्राएलात तसे नाही. १९५३ च्या कायद्याने यहुद्यांचे लग्न व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडे गेले. सरकारी लग्न देशात नाहीच. रब्बीने नोंद नाकारली की दुसरे दार नाही.

१९६१ मध्ये मुख्य रब्बीनेटने बेने इस्राएलांशी लग्नाला हरकत नाही असे ठरवले, पण १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या: आई, आईची आई, जमेल तितके मागे जाऊन तपासा, पूर्वजांत धर्माप्रमाणे गेट न घेता कोणी दुसरे लग्न केले का, तेही पाहा. आईकडच्या आजीची चौकशी मी नर्स म्हणून पुष्कळ केली, पण ती आजारासाठी! नवगाव, रेवदंड्याकडच्या खेड्यातून पणजीचा दाखला कोण आणणार? शब्बाथ आणि सुंता मात्र त्या पणजीच्या घरी कधी चुकली नव्हती.

१९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले. महिनाअखेर रब्बीनेटने सूचनेतले आपले नाव काढले, पण ज्याच्याविषयी शंका येईल त्याची चौकशी करण्याचा नियम ठेवला. मला तो विजय अर्धाच वाटतो.

आता सायप्रस. एक यहुदी पुरुष आणि एक ख्रिस्ती बेल्जियन स्त्री यांनी तिथे लग्न केले होते. १९६३ मध्ये उच्च न्यायालयाने ती नोंद करून घ्यायला लावली. म्हणजे धरण्याच्या वेळी ही वाट होती. पण आपल्या लोकांना हुप्पेखाली, केतुबा वाचून, यहुदी म्हणूनच लग्न हवे होते.

नातवंडांना हेही सांगावे: दोघेही यहुदी असतील तर सायप्रसचे लग्न मोडायलाही रब्बींच्याच न्यायालयात यावे लागते.